सात नंबरच्या दगडाजवळची मोरी

रस्ता दिसला की लोक विचारतात, हा कुठं जातो. मी विचारते, हा कोणाचा. रस्त्यांच्या खात्यात आवक-जावकच्या टेबलावर बावीस वर्षं बसल्यावर माणसाचं असं होतं. माहेरी निघाले तरी खिडकीतून माझ्या वाटण्या सुरू असतात. हा हमरस्ता केंद्राचा, हा राज्याचा, हा जिल्ह्याचा, इथून पुढं शेतातली पांद, आणि पांद कोणाचीच नाही. नवरा म्हणतो, तुझ्याबरोबर फिरणं म्हणजे मोजणीवाल्याला घेऊन देवदर्शनाला जाणं. म्हणू दे, त्याला पगार माझा चालतो.

बाहेरून आमचं खातं म्हणजे डांबर आणि खडी. आतून ते एक जिना आहे. खाली शाखा, तिच्यावर आमचा उपविभाग, त्यावर विभाग, त्यावर मंडळ, आणि सगळ्यात वर मुख्य अभियंता, ज्यांना मी एकदाच पाहिलं, तेही गाडीत बसताना. कागद एकेक पायरी वर चढतो, कुठंतरी दम खातो आणि शेरा घेऊन खाली येतो. सगळ्यात तळाला पूर्वी मैलकुली असायचा. त्याला रस्त्याचा एक तुकडा नेमून दिलेला असे. त्यातले खड्डे बुजवायचे, बाभळी छाटायच्या, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे, किलोमीटरचे दगड रंगवायचे. आता ते पद भरत नाहीत. माझे वडील मैलकुली होते. ते नोकरीत असतानाच गेले आणि अनुकंपा तत्त्वावर मला हे टेबल मिळालं. लोकांना वाटतं, अशी नोकरी घेताना रडू येत असेल. मला आलं नाही. मी सही केली आणि पंख्याखालची खुर्ची मिळते का ते पाहिलं.

तो मेंढपाळ पहिल्यांदा आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. पटका, खांद्यावर घोंगडी, आणि दाराशी चपला काढून आत आलेला. आमच्या ऑफिसात चपला कोणी काढत नाही. मी म्हटलं, "मामा, चपला घालून या, फरशी गार आहे." तो तसाच उभा राहिला.

"बाई, आमच्या वाटंवर मोरी हाय. वळणावर. तिचा एका अंगाचा कठडा पडलाय. आमी रोज मेंढरं तितूनच नेतो. टेम्पोवाले लई जोरात येत्यात. मानसानं बाजूला व्हायचं कुठं? खाली निस्ते दगडं हायत."

"पंचायतीत सांगितलं का?"

"गेलतो की. ते म्हनले, रस्ता आमचा न्हाई, साहेबाकडं जा."

मोरी म्हणजे रस्त्याखालून ओढा जातो तो लहान पूल. मी विचारलं, नेमकी कुठं आहे. तो म्हणाला, सातचा दगड हाय, त्याच्या थोडं फुडं. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून अर्ज मीच लिहिला. त्यानं अंगठा उठवला आणि शाई पुसायला मी कागद दिला तर तो घडी करून परत माझ्या टेबलावर ठेवला. बोलता बोलता कळलं की कळपाच्या पुढं तो चालतो आणि मागून बायको, कोकरं सांभाळत. मी त्याला चहा पाजला. खरं सांगायचं तर तो मला आवडला. अर्ज घेऊन येणारी बहुतेक माणसं आधी कोणाच्या तरी ओळखीचं नाव घेतात, यानं कोणाचंच घेतलं नाही.

आता माझं काम. मी मोरी बांधत नाही. मी फक्त ठरवते की कागद कोणाच्या दारात टाकायचा. त्या रस्त्याचा अलीकडचा दहा किलोमीटरचा भाग आमचा, पलीकडचा आठ दुसऱ्या कार्यालयाचा. मी रस्त्यांची यादी उघडली. यादीत मोजणी पलीकडच्या टोकापासून, म्हणून किलोमीटर सात पलीकडच्यांचा. अर्जावर टिपण लिहिलं, "सदर काम आपल्या अखत्यारीतील असल्याने पुढील कार्यवाहीस्तव अग्रेषित," जावक क्रमांक टाकला आणि पाठवून दिला. दहा मिनिटांचं काम होतं.

महिन्यानं कागद परत आला. तिकडच्या लिपिकानं लिहिलं होतं, आमच्या हद्दीत अशी मोरी आढळून येत नाही. मला राग आला. हात झटकायची ही रीत मी पुरती ओळखून होते, कारण गरज पडली की मीही तीच वापरते. मी आमच्या यादीची प्रत जोडली, सातच्या आकड्याखाली लाल रेघ मारली आणि कागद पुन्हा तिकडं धाडला. यावेळी तो परत आला नाही. मला वाटलं, जिंकले.

मेंढपाळ मधे दोनदा आला. दुसऱ्यांदा तो चौसाळ्याला कोकरं विकून परस्पर आला होता. आमच्या शाखा अभियंत्याला गाठून मी मेंढपाळासमोरच विचारलं. अभियंता बिचारा दोन शाखांचा कारभार एकटा ओढत होता. म्हणाला, "मॅडम, आपल्या यादीत नाही ना? मग मी कशाला बघू?" मी मेंढपाळाला सांगितलं, "मामा, कागद तिकडं गेलाय. तिथं विचारा." तो म्हणाला, "तिथं गेलतो. ते म्हनत्यात, हिकडं इचारा." मी म्हटलं, "कागदावर त्यांचंच आहे." तो बरं म्हणाला. एवढं ऐकून घेणारा माणूस समोर असला की आपलंच खरं आहे असं वाटायला लागतं.

उन्हाळ्यात त्याची बायको त्या मोरीवरून खाली पडली. सकाळी नऊचा सुमार. टेम्पो आला, ती एका कोकराला ओढत बाजूला झाली, आणि बाजू नव्हती. चार दिवस दवाखान्यात होती, पाचव्या दिवशी गेली. मला हे शिपायानं सांगितलं, डबा उघडता उघडता. मी विचारलं, कोणती मोरी. त्यानं सांगितली. मी माझा डबा खाल्ला. भेंडीची भाजी होती. काही वाटलं नाही, आणि काही वाटत नाहीये हे मात्र स्पष्ट कळत होतं.

मग सगळं भराभर झालं. सहा महिने जो प्रश्न कोणाला सुटला नाही, त्यासाठी एका दुपारी दोन्ही कार्यालयांचे साहेब, दोन गाड्या, एक टेप आणि पंचनाम्याचे कागद त्या वळणावर हजर झाले. पत्रव्यवहार माझ्याकडचा, म्हणून मलाही नेलं. ऊन मी म्हणत होतं. साहेब लोक बाभळीच्या सावलीला उभे राहिले आणि मी दगड बघायला गेले.

दगडावर सात होता. आमच्या वडिलांचा सात. त्याची खालची रेघ ते जरा बाहेर ओढायचे, आई त्यावरून त्यांना चिडवायची. रंग विटला होता, पण हात ओळखू येत होता. तिथं उभी असताना मला सगळं दिसलं. या रस्त्याला काही वर्षांपूर्वी नवा क्रमांक मिळाला, तेव्हा मोजणीचं शून्य आमच्या टोकावरून उचलून तिकडच्या टोकाला नेलं. यादी नवी छापली. दगड मात्र जुनेच राहिले, कारण ते बदलायला मैलकुली उरला नव्हता. अठरा किलोमीटरच्या रस्त्यात जुना सात म्हणजे नवा अकरा, आणि अकरा आमचा. तिकडच्या लिपिकानं खरं तेच लिहिलं होतं. मी त्याच्या खऱ्याखाली लाल रेघ मारली होती. ज्या दगडांच्या रंगाच्या डब्यावर मी लहानपणी बसले, ते दगड नव्या यादीत उलटे झालेत हे खात्यात कोणाला माहीत असायला हवं होतं, तर ते मला.

टेप धरून मोजणी झाली. मोरी आमच्या हद्दीत निघाली. तिकडचे साहेब खूश झाले. आमचे म्हणाले, "चला, वाद तरी मिटला." चूक कोणाची, हे कोणी विचारलं नाही. अहवालात मी टाइप केलं, "जुन्या व नव्या साखळी क्रमांकांतील तफावतीमुळे विलंब झाला." साखळी क्रमांक म्हणजे किलोमीटरचा आकडा. वाक्य चांगलं जमलं होतं. त्यात कोणी माणूसच नव्हतं. साहेबांनी न वाचता सही केली.

पंधरा दिवसांनी मेंढपाळ आला. पुन्हा चपला बाहेर. त्याला कोणी वकिलानं सांगितलं होतं की भरपाईसाठी रस्ता कोणाचा हे सरकारी कागदावर लागेल. मी अहवालाची प्रत काढली, शिक्का मारला, चहा सांगितला. त्यानं चहा घेतला नाही, नारायणगडाला दर्शनाला जाऊन येईपर्यंत सोडलाय म्हणाला.

कागद हातात घेऊन तो म्हणाला, "बाई, सगळ्यात तुमीच ऐकलं आमचं."

तेव्हा मी सांगितलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. "मामा, चूक माझी आहे. दगड जुना होता, मी नवी यादी बघितली. कागद चुकीच्या ऑफिसला मी धाडला. एकदा नाही, दोनदा. मोरी पहिल्यापासून आमचीच होती."

मला वाटलं होतं, तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं हातातला कागद उलटसुलट करून पाहिला.

"तुमची कशी चूक?" तो म्हणाला. "रस्ता सरकारचा हाय."

मी पुन्हा सांगायला लागले, आकडे, टोकं, यादी. त्यानं हातानं थांबवलं.

"ते ऱ्हाऊ द्या. कठडा कवा बांधताव?"

अंदाजपत्रक विभागात गेलं होतं. तिथून मंडळात, मग मंजुरी, मग निविदा, आणि मधे पावसाळा. मी हे सगळं त्याला सांगितलं. वरीसभर तरी लागेल म्हटलं, जास्तही लागेल. ते ऐकून घेत त्यानं कागदाची घडी केली आणि बंडीच्या आतल्या खिशात घातली.

"आता मागनं पोरगी चालती," तो म्हणाला. "तिला सांगून ठिवलंय. टेम्पो आला की बाजूला व्हायचं न्हाई. रस्त्याच्या मदीच उभं ऱ्हायचं."

त्यानं बाहेर जाऊन चपला घातल्या. मी पुढचं टपाल फोडलं.