शेवटच्या आट्यावरचा नट

देवावर माझा विश्वास होता की मला फक्त भीती वाटत होती, हे त्या सहा महिन्यांत मला कळत नव्हतं. आजही पूर्ण कळलंय असं म्हणणार नाही. जे घडलं ते तसंच सांगतो.

मी निवृत्त शिक्षक, राहणार हसनाबादचा. पत्नीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जालन्याला जाणं सुरू झालं. दारात उभी असलेली आमची जुनी जीप तेव्हा कामाला आली. पण थोड्याच दिवसांत तिचं स्टिअरिंग ढिलं लागायला लागलं. चार बोटं फिरवलं तरी गाडीला पत्ता नसे, आणि मग एकदम ती एका बाजूला ओढली जाई. खड्डा आला की पुढून खडखड आवाज येई. दाखवायला नेलं तर गाडी दोन-तीन दिवस अडकेल आणि पत्नीचं डायलिसिस चुकेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

खरं कारण वेगळं होतं. वर्षभरापूर्वी तिचे पाय संध्याकाळी सुजायचे. दिवसभर उभं राहून होतं असं, म्हणून मी तेल लावायला सांगितलं होतं. डॉक्टरांकडे नेलं तोवर फार उशीर झाला होता. तेव्हापासून कुठलीही गोष्ट उघडून बघायची म्हटली की मी ती टाळायचो. जीपच्या खाली वाकून बघायची हिंमत माझ्यात नव्हती. त्याऐवजी जाताना राजूरला गणपतीच्या कमानीपाशी गाडी हळू करायची, बसल्या जागी हात जोडायचे आणि म्हणायचं, बाप्पा, आजचा दिवस सांभाळ. पत्नीच्या वेळी त्याने ऐकलं नव्हतं, हा विचारही त्याच क्षणी मनात यायचा. मग मी घाईने गिअर टाकायचो.

त्या दिवशी वारा होता. समोरून कापसाच्या गाड्या येत होत्या आणि प्रत्येक गाडी बाजूने गेली की जीप हेलकावा खाई. माझे तळहात घामाने निसटत होते. पत्नी शेजारी डोळे मिटून बसली होती. परत फिरावं असं दोनदा वाटलं, पण डायलिसिस चुकलं की तिला धाप लागते. राजूर मागे पडलं. पुढे नाल्याचा पूल होता, त्याला कठडा नव्हता आणि पुलाकडे मोठा उतार होता. त्या उताराची मला दर फेरीला धास्ती वाटे.

उताराच्या अलीकडेच रस्ताभर मेंढ्या आल्या. जीप अगदी हळू करावी लागली. मेंढ्यांच्या मागे एक वयस्कर बाई काठी घेऊन चालत होती. मेंढ्या निघून गेल्या तरी ती रस्त्यातून हटेना. गाडीच्या पुढे उभी राहून तिने काठी आडवी धरली. मी चिडलो. उशीर होतोय, बाजूला व्हा, असं बोललोसुद्धा.

ती शांतपणे म्हणाली, "दादा, तुमचं पुढचं चाक लंगडून राह्यलं. जनावर असं चाललं तर मी त्याला पुढं न्हाई नेत."

मला ते ऐकायचं नव्हतं. पण पत्नीने डोळे उघडले आणि म्हणाली, "उतरा. बघा एकदा."

मी गुडघे टेकून खाली वाकलो. स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा जो दांडा असतो, त्याचा चाकाकडचा सांधा लोंबत होता. त्याचा नट अगदी शेवटच्या आट्यावर आला होता. मी बोट लावलं आणि तो माझ्या हातात गळून पडला. समोर उतार दिसत होता, त्याच्या खाली पूल.

पुढचं सगळं त्या बाईनेच केलं. एसटी दिसताच तिने मेंढ्या पुन्हा रस्त्यावर घातल्या, म्हणून गाडी थांबली. कंडक्टर कुरकुरला, पण पत्नीला त्याने पुढची सीट दिली. जीपची काळजी करू नका, मी इथंच पडीक रानात मेंढ्या चारते, असं बाई म्हणाली.

पत्नीला दवाखान्यात मशीनवर घेतल्यावर मी जालन्यातच मस्तगड भागात रशीदभाईंकडे गेलो. ते मिस्त्री माझ्या जुन्या ओळखीचे. स्कूटरवर सामान बांधून ते माझ्याबरोबर आले. बाई तिथेच बसलेली होती. तिने आधी विचारलं, वहिनी कशी आहे. मी तिच्या पाया पडायला वाकलो तर ती मागे सरकली.

रशीदभाईंनी जीप जॅकवर घेतली, चाक वर-खाली आणि आडवं हलवून बघितलं. पुढचं बरंच काही झिजलं होतं. नट सुटू नये म्हणून त्यात घालायची पिन जागेवर नव्हतीच. "गुरुजी," ते म्हणाले, "ही गाडी रस्त्यावर होती कशी? एक बार तरी आणायची होती." त्यांनी नवा सांधा बसवला, पिन घातली आणि बेताच्या वेगाने जीप मस्तगडला नेली. दोन दिवसांत दोन्ही बाजूंचे सांधे आणि आतले झिजलेले रबरी बुश बदलले, स्टिअरिंग घट्ट केलं. डायलिसिस एकदाही चुकलं नाही. एसटीने जाता येत होतं, हे मला आधी सुचलंच नव्हतं.

नट गळाला त्याच दुपारी, जीप मस्तगडला पोचल्यावर, मी दवाखान्यात परत गेलो आणि पत्नीला नटाचं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं स्टिअरिंग हलतंय ते. तुमचे हात दिसायचे ना मला."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

"तुम्ही आधीच इतके घाबरलेले. अजून कशाला घाबरवायचं."

सहा महिने ती माझ्या शेजारी डोळे मिटून बसत होती. मला वाटायचं, थकवा आहे. मी तिथेच पलंगाच्या कडेला रडलो. देवावर सोपवून देणं म्हणजे न बघणं, अशी माझी समजूत होती. आधी वाकून बघावं लागतं, आपल्या हातात आहे तेवढं घट्ट करावं लागतं, आणि उरेल ते त्याच्याकडे द्यायचं असतं. मी सगळंच त्याच्यावर टाकून पळत होतो. तरीही त्याने मला टाकलं नाही.

त्या बाईसाठी पत्नीने साडी-चोळी घेऊन ठेवली आहे. पण पुढच्या फेरीला रान मोकळं होतं. मेंढपाळांचा तळ हलला होता. भीती अजून आहे, डायलिसिसही चालूच आहे. फक्त आता रस्त्यात कुणीही हात केला, तरी आम्ही गाडी थांबवतो.