फेरतपासणी एकदाच

डॉ. मधुकरराव काळबांडे सरांची पहिली भेट झाली ती माझ्या मुलाखतीत. अर्जावर धनज हे वऱ्हाडातलं गाव वाचून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. थायरॉईडच्या कॅन्सरवर द्यायचं किरणोत्सारी आयोडीन परदेशातून निघालं आणि वाटेत आठ दिवस अडकलं, तर त्याचा जोर किती उरेल, असं त्यांनी विचारलं. मी ऐटीत म्हणाले, "निम्मा."

"आन् पेशंटचं दुखनं किती उरते?"

समितीसमोर चक्क वऱ्हाडीत आलेल्या या प्रश्नावर मी पुन्हा आकडेमोडच करू लागले. नोकरी तरीही मिळाली.

त्या काळी अशी औषधं बरीचशी बाहेरून येत. ती साठवून ठेवता येत नाहीत, म्हणून ती इथेच तयार झाली पाहिजेत, हा सरांचा ध्यास होता. अणुभट्टीतून आलेल्या पदार्थातून आयोडीन वेगळं काढणारी, शिशाच्या भिंतीआड चालणारी यंत्रणा त्यांनी इथल्या कारागिरांकडून घडवून घेतली. 'कशाला खटाटोप, मागवून घ्या' म्हणणारे वरिष्ठ होतेच. सर वाद घालत नसत. पुढच्या बैठकीला इथे बनलेला आणखी एक भाग टेबलावर आणून ठेवत.

अशा गौरवग्रंथात दोष सांगू नयेत म्हणतात, पण सर हट्टी आहेत. तयार औषधाची शुद्धता मी तपासत असे. नापास झालं तर फेरतपासणी एकदाच, असा त्यांचा दंडक होता. एकदा परदेशी माल अडकला होता, दवाखान्यांचे फोनावर फोन येत होते आणि नेमकं आमचं औषध थोडक्यात नापास झालं. फेरतपासणीतही तेच. मी म्हणाले, "सर, आणखी एकदा बघू या." त्यांनी नकारार्थी मान हलवली, नापासच्या कागदावर सही केली आणि एकेका दवाखान्याला स्वतः फोन लावला. शेवटचा फोन वऱ्हाडीत होता. "बाई, आनखी दहा दिवस थांबा लागते. गोळी सुरू नको करू."

मला वाटलं, गावाकडची कोणी पेशंट असेल. त्या शांताबाई होत्या, शेलूबाजारला राहणाऱ्या सरांच्या थोरल्या बहीण. ऑपरेशन झालेलं, आणि या उपचारासाठी थायरॉईडच्या गोळ्या महिनाभर बंद. अंग सुजलेलं, बोलताना जीभ जड होई, उन्हातही थंडी वाजे. पुढचं औषध पास झालं तेव्हाही सरांनी यादीतला त्यांचा नंबर पुढे घेतला नाही.

हे मला कळलं ते सरांच्या निवृत्तीच्या दिवशी. मला राग आला. "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगतलं असतं तं तुमी तिसऱ्यांदा तपासलं असतं. मंग चौथ्यांदा. केवातरी पास दिसलंच असतं. आन् मी सही केली असती."

आपल्यालाही मोह झाला होता, हे त्यांनी मला एवढ्या शब्दांतच सांगितलं.

यंदा मी शेलूबाजारला गेले, ती मनातलं ओझं उतरवायला. शांताबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. मी म्हणाले, "बाई, तुमचं औषध तेव्हा मीच नापास केलं होतं."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तूच काय ते? मधू त्या राती पुन्हा फोन करून रडून राह्यला होता. म्हने, बाई, मले सही बदलाव वाटते. मीच म्हनलं त्याले, कायले बदलतं? ते पोरगी नाही म्हनते तं नाही. मी थांबतो."

मला तिथेच रडू फुटलं. इतकी वर्षं मी सरांच्या निग्रहाचे गोडवे गात होते, आणि त्यांना तो पुरवला होता शेलूबाजारच्या एका आजारी बाईंनी. तेवढ्यात, निवृत्तीनंतर बहिणीकडेच राहणारे सर अंगणातून आत आले. बीपीची गोळी विसरले म्हणून बाईंनी त्यांना माझ्यादेखत झापलं आणि पंच्याहत्तरीतल्या शास्त्रज्ञांनी मुकाट्याने गोळी घेतली.

सरांना पुढेही भरपूर, निरोगी वर्षं मिळोत. आणि त्यांना रागे भरायला बाई तितकीच वर्षं असोत.