खाली गाडी

नव्वदच्या दशकात नगरमध्ये ‘मी टेस्टर आहे’ असं सांगितलं की लोकांना वायरमनच्या खिशातला टेस्टर आठवायचा. मीही समजावत बसायचे नाही. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम मोडून दाखवणं हे माझं काम, आणि ते मला झकास जमायचं. कॉम्प्युटरवर कुठे काय दिसावं हे आखणारा एक जण आमच्याकडे होता. आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर देखणं आणि राग नाकावर. मी चूक काढली की म्हणायचा, “तुला चांगलं काही दिसतच नाही का गं?” मी म्हणायचे, “चांगलं बघायला गिऱ्हाईक आहे की.” असं आमचं रोज चालायचं.

जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यासाठी आम्ही प्रोग्रॅम केला. उसाने भरलेली गाडी काट्यावर येते, वजन होतं. ऊस उतरवून तीच गाडी परत येते, पुन्हा वजन होतं. मधला फरक म्हणजे त्या शेतकऱ्याचा ऊस. मी ऑफिसात बसून सगळ्या कळा उलटसुलट बडवून पाहिल्या होत्या, काही म्हणता काही मोडलं नव्हतं.

आणि कारखान्यावर चाचणी सुरू झाली तशी बोंब उठली. एकाच्या गाडीचं वजन दुसऱ्याच्या नावावर पडत होतं. काट्यावर बसणारे कारकून आमच्या वडिलांच्या वयाचे. शेतकरी खिडकीत उभं राहून त्यांना तोंडावर म्हणायला लागले, हा काटा मारतोय, वजनात खातोय. ऊसवाल्या गावात याच्याइतकी वाईट शिवी नाही; एक वेळ चोर म्हटलेलं परवडलं. शेतकी अधिकाऱ्यांनी त्यांना काट्यावरून हलवायचं ठरवून टाकलं आणि आम्हाला फोन केला, प्रोग्रॅम शिकायला दुसरा माणूस देतो.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुठं काय चुकतंय ते न बघता माणसावर खापर फोडून मोकळे! मी आणि आमचा पाट्या रंगवणारा, आम्ही दोघं सकाळच्या एसटीने निघालो. वाटेत मी त्याला बजावलं, “आज कळांना हात लावायचा नाही. तू नाही, मीही नाही. नुसतं बघायचं.” एरवी त्याने वाद घातला असता, त्या दिवशी ‘बरं’ म्हणाला.

काट्याच्या खोलीत आम्ही कारकुनांच्या मागे बसलो. मी म्हटलं, “काका, जे कराल ते बोलून दाखवत करा.” ऊस उतरवून एक गाडी काट्यावर चढली. काकांनी तिचा नंबर टाकला. पडद्यावरची उजळ पट्टी बरोबर त्या शेतकऱ्याच्या नावावर गेली. आता फक्त वजन घ्यायचं होतं.

काका म्हणाले, “ही गाडी खाली हाय. म्हून मी ‘खाली’ दाबतो.”

पडद्याच्या तळाशी कळांची नावं होती, ‘वर’ आणि ‘खाली’. यादीत खालच्या नावावर जायची ती कळ. काकांनी ती दाबली, पट्टी एक नाव खाली सरकली आणि वजन पुढच्या शेतकऱ्याच्या नावावर जाऊन बसलं. काट्यावर रिकाम्या गाडीला रिकामी कोण म्हणतंय? तिथे गाडी एक तर भरलेली, नाही तर खाली. आमच्या ऑफिसात मुळात गाडीच नव्हती, तर हे कळणार कसं!

तो माझ्या कानाशी लागला. “शब्द माझा आहे. शेतकी अधिकारी साहेब यायच्या आत बदलतो.”

“बदलू नकोस,” मी म्हटलं. “आज गुपचूप बदललास तर उद्या वजनं बरोबर येतील. लोक म्हणतील, काट्यावरचा माणूस हलवला म्हणून सुधारलं. काकांच्या नावाला तो डाग तसाच राहील.”

“आणि सगळ्यांसमोर माझी इज्जत जाईल त्याचं काय?”

“जाईल.”

त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं. मग हातातली फ्लॉपी त्याने पिशवीत ठेवून दिली. इतक्या दिवसांत तो मला पहिल्यांदाच मनापासून आवडला.

साहेब आले तेव्हा खिडकीत नेहमीसारखी शेतकऱ्यांची गर्दी होती. मी म्हटलं, “साहेब, पुढची गाडी तुम्हीच घ्या ना.” त्यात काय एवढं, अशा थाटात ते खुर्चीत बसले. नंबर टाकला. पट्टी नावावर गेली. त्यांनी ऊस उतरवून काट्यावर आलेल्या गाडीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि आम्ही कुणी काही बोलायच्या आत ‘खाली’ दाबून वजन घेतलं.

पट्टी सरकलेली सगळ्यांनी पाहिली. “साहेब, चूक माझी आहे,” तो उभा राहून म्हणाला, खिडकीपर्यंत ऐकू जाईल असं. “तो शब्द मी लिहिलाय.”

साहेबांचं बोट अजून कळेवरच होतं. मागून काका शांतपणे म्हणाले, “साहेब, आता तुमी बी काटा मारला.”