फॉर्मवरचा नवरा

पोलीस ठाण्यातले भाडेकरूंचे फॉर्म मी स्वतःच्या हाताने बाहेर वाटले. ते चोरीला गेले नाहीत, कुणी पळवलेही नाहीत. मी वाटले, आणि त्याबद्दल शाल-श्रीफळही घेतले. निवृत्त झाल्यावर माणूस बऱ्याच गोष्टी सोयीने विसरतो. ही घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, जमले नाही.

तेव्हा मी चाकण रस्त्याच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याचे किंवा कुणा माणसाचे नाव लिहीत नाही. माझ्या हातून नावे एकदा वाटून झाली आहेत, तेवढे पुरे. या भागात ज्याच्याकडे दोन गुंठे उरले त्याने त्यावर तीन मजले चढवले आणि खोल्या भाड्याने दिल्या. कंपनीत लागलेली मुले-मुली लातूर, बीड, धाराशिव, कोकण अशी कुठून कुठून येतात. भाडेकरू आला की ठाण्यात फॉर्म भरायचा. नाव, गाव, मोबाइल, कंपनी, शिफ्ट, घरमालक कोण, सोबत कोण राहते, आणि वर आधारची झेरॉक्स. आमच्या कपाटांवर, कपाटांखाली, लॉकअपशेजारच्या बोळात फॉर्मच फॉर्म. पुढे ती माहिती संगणकात भरायचा हुकूम आला. माझ्या लोकांनी महिनाभर मान मोडून ती भरली. मग मी त्या गठ्ठ्यांकडे पाहिले आणि मला वाटले, माहिती तर आत गेली, आता हा नुसता कागद. आणि कागदही कसा, एका बाजूने स्वच्छ पाठकोरा!

त्याच सुमारास जवळच्या एका अभ्यासिकेचे व्यवस्थापक भेटायला आले. पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी गरिबाघरची मुले तिथे बसत. व्यवस्थापक चाळिशीचे, कडक इस्त्री, गोड बोलणे. "साहेब, पोरांना कच्च्या कामाला कागद पुरत नाही हो. गणितं सोडवायची कशावर?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या महिला हवालदार तेवढ्या शेजारून म्हणाल्या, "साहेब, देण्याआधी एकदा चाळून बघू का? बायकांचे नंबर, पत्ते आहेत त्यावर."

मी म्हणालो, "तुम्ही कोरी बाजू बघा हो."

टेम्पो भरून गठ्ठे गेले. अभ्यासिकेत छोटेखानी कार्यक्रम झाला. व्यवस्थापकांनी मला शाल घातली आणि मी ज्ञानदानावर वीस मिनिटे बोललो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. भाषण संपल्याचा आनंदही त्यात असावा.

दोन-अडीच महिन्यांनी, एका सोमवारी सकाळी, महिला हवालदार एका मुलीला माझ्यासमोर घेऊन आल्या. मुलगी धाराशिवकडची, डिप्लोमा झालेली, एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागलेली. अनोळखी नंबरवरून तिला पंधरा दिवस फोन आणि मेसेज येत होते. शिवीगाळ नाही, धमकी नाही. फोन करणारा नुसते सांगायचा. आज तुझी पहिली शिफ्ट. काल बसमधून उतरलीस तेव्हा निळा ड्रेस होता. खोली तिसऱ्या मजल्यावर ना?

"साहेब, त्याला माझं समदं माहिती हाय," ती म्हणाली. "मला तो कोण ते बी माहिती नाही. रात्रपाळीला जायचं बंद केलंय मी."

"घरी सांगितलंस?"

"तिथंच चुकलं. रविवारी मामा न्यायला यायलेत. ट्रेनिंगचे दोनच महिने राहिलेत साहेब. आता गेले तर सर्टिफिकेट नाही, नोकरी नाही. घरी पाय ठेवला की दुसऱ्या दिवशी पाहुणे बघायला येतेत."

म्हणजे माझ्या हातात रविवारपर्यंतचा वेळ होता. गुन्हा दाखल केला आणि नंबरची माहिती मागवली. सिमकार्ड दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका म्हाताऱ्याच्या नावावर निघाले, आणि आपल्या नावाचे असे काही सिम आहे हे त्या बिचाऱ्याला आमच्याकडूनच कळले. टॉवर लोकेशनमध्ये आमच्या हद्दीतली अर्धी मोशी येत होती. मग मी माझा अनुभव कामाला लावला. अनुभव म्हणजे काय, तर पहिला संशय घरमालकावर.

घरमालक मूळ गावातले. जमीन कंपन्यांत गेली, त्या पैशातून इमारत बांधली, आणि स्वतः अजून पहाटे म्हैस पिळणारे. सगळे त्यांना आबा म्हणत. मी त्यांना मंगळवारी बोलावून दोन तास बाकावर बसवून ठेवले. बाकावर बसवणे हे आमचे जुने हत्यार. माणूस आपोआप नरम होतो म्हणतात. आबा नरम झाले नाहीत.

"आबा, तिच्या शिफ्टची वेळ तुम्हाला कशी माहीत?"

"रोज जिना उतरती, दिसतंय की. डोळं हायेत मला."

"नंबर कुणाला दिलात?"

"साहेब, आमाला सोताचा नंबर पाठ न्हाई, तिचा कुटनं देऊ? माज्या नातीच्या वयाच्या पोरी हायेत त्या. तुमी इचारलं, आमी सांगितलं. आता म्हशीची येळ झाली, जाऊ का?"

बुधवारी मोबाइल रिचार्जवाल्याला बोलावले. एके काळी मुलींचे नंबर अशा दुकानांतून फुटायचे, हे मला पाठ होते. दुकानदार माझ्याकडे कीव आल्यासारखा पाहत राहिला. "साहेब, आता दुकानात येऊन रिचार्ज कोण मारतंय? सगळे फोनवरूनच मारतात. मी कव्हर विकतो आता." मी त्याला जास्त हुशारी करू नकोस म्हणून दम दिला आणि सोडून दिले.

गुरुवारी मुलगी पुरवणी जबाबाला आली. रात्री नवा मेसेज आला होता, तो महिला हवालदारांनी मोठ्याने वाचून दाखवला: "नवरा फौजेत, सीमेवर. इथं तुझं कोण आहे?"

मी वडिलकीच्या सुरात म्हणालो, "मग नवऱ्याला कळवलंस की नाही? त्याच्या युनिटला आपण पत्र देऊ."

"कुठला नवरा साहेब?"

"अगं, फौजेतला."

मुलगी खाली बघायला लागली. "लग्न नाही झालं माझं. फॉर्म भरायला इथं आले होते, तर टेबलावरचे साहेब विचारायले, लग्न झालंय का, एकटीच राहतीस का, नवरा कुठं असतो. सारखं विचारायले, आणि हसायले. म्हणून सांगितलं, झालंय, नवरा फौजेत हाय, सीमेवर. त्यांनी ते फॉर्मवर पेनानं लिहून घेतलं."

"आबांना काय सांगितलंस?"

"खरं सांगितलं. खोटं फक्त पोलिसांना."

हा नवरा जगात कुठेच नव्हता. तो तिच्या गावात नव्हता, कंपनीत नव्हता, आबांनाही ठाऊक नव्हता. तो होता फक्त आमच्या फॉर्मवर. मी ठाणे अंमलदारांना हाक मारली आणि संगणकावरची नोंद बघायला सांगितली. संगणकात नाव, गाव, नंबर होते. पेनाने लिहिलेला शेरा भरायचा आमच्या लोकांनी कंटाळा केला होता. म्हणजे नवरा फक्त कागदावर.

"मग तो कागद आणा."

"साहेब, ते आपण दिले ना," अंमलदार हळूच म्हणाले.

"कुणी दिले? कुणाच्या परवानगीनं?"

"आपणच साहेब. शाल घेतली होती."

मुलीने माझ्याकडे पाहिले. बत्तीस वर्षांच्या नोकरीत बऱ्याच आरोपींकडे मी असे पाहिले होते. तसे आपल्याकडे कुणी पाहिले की कसे वाटते, ते त्या दिवशी कळले.

शुक्रवारी सकाळी अभ्यासिकेत गेलो. मुलांना खरे काय ते सांगितले: हे कागद द्यायला नको होते, चूक माझी आहे, ज्याच्याकडे असतील त्याने परत द्यावेत. मुलांनी वह्यांतून, पिशव्यांतून, खोलीवर जाऊन कागद आणून दिले. एका बाजूला शेकडेवारी आणि काळ-काम-वेगाची गणिते, दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी संसार. फॉर्मवर आमच्या नोंदवहीचे अनुक्रमांक होते. महिला हवालदारांनी ते संगणकातल्या यादीशी ताडून पाहिले. संध्याकाळी त्यांनी यादी माझ्यापुढे सरकवली. "साहेब, कुटुंबांचे फॉर्म आहेत. पुरुषांचे आहेत. नाहीत ते फक्त घरच्यांशिवाय राहणाऱ्या बायकांचे. वापरून फेकले असते तर सगळेच थोडे थोडे गेले असते. हे कुणीतरी निवडून काढलेत."

अभ्यासिकेतल्या गठ्ठ्यांच्या कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे होती. ज्याने मला शाल घातली, त्याच्याकडे.

शनिवारी त्यांना चौकशीला बोलावले. मोठ्या निवांतपणे बसले. "साहेब, मी कशाला वाचतोय? गठ्ठा आला, पोरांना वाटला. तुम्हीच म्हणाला होतात, ज्ञान वाटल्यानं वाढतं." माझेच वाक्य मला तीन वेळा ऐकवले. माझा आवाज चढू लागला, तसे महिला हवालदारांनी मला बाहेर बोलावले. "साहेब, तुम्ही ओरडलात की त्यांना बरं वाटतंय. आत जाऊन गप्प बसा. मी बोलते."

मी गप्प बसलो. नोकरीतली माझी ती सर्वांत मोठी कामगिरी.

पाच मिनिटांनी त्या आत आल्या आणि सहज म्हणाल्या, "साहेब, त्या फॉर्मवाल्या बायकांपैकी एकीचा नवरा आलाय बाहेर. फार तापलाय."

व्यवस्थापकांच्या हातातला पाण्याचा ग्लास तोंडापर्यंत जाता जाता थांबला. "एवढ्यात सुट्टी मिळाली त्याला? सीमेवरून?"

मग महिला हवालदारांनी त्यांच्या हातातून ग्लास काढून टेबलावर ठेवला आणि विचारले, "सीमेवर असतो हे तुम्हाला कुणी सांगितलं भाऊ?"

पुढे सगळे ओघाने आले. दुसरा फोन त्यांच्या स्कूटरच्या डिकीत सापडला, फॉर्म घरातल्या पेटीत. काहींवर खुणा केलेल्या. ही मुलगी पहिली नव्हती; आधीच्या दोघी न बोलता खोली सोडून गेल्या होत्या. पंचांसमोर मुद्देमाल जप्त केला. पुढे दोषारोपपत्र गेले आणि शिक्षाही लागली.

पण रविवार राहिला होता. मी मामांना फोन करून आरोपी सापडल्याचे सांगितले. त्यांनी विचारले, "त्याच्याकडं पोरीची माहिती गेली कशी?" तपास सुरू आहे, असे म्हणता आले असते. मी म्हणालो, "माझ्यामुळे." दुसऱ्या दिवशी मामा आलेच. माझे सगळे ऐकून घेतले, चहाला हात लावला नाही, आणि थेट आबांच्या घरी गेले. तिथे काय बोलणे झाले मला माहीत नाही. आबा म्हणाले म्हणतात, "पोर हुशार हाय, ठेवा. पोलिसांचं जाऊ द्या, आमी हाये." मामा एकटेच परत गेले. माझ्या शब्दावर नाही, ज्याला मी बाकावर बसवले होते त्याच्या शब्दावर.

मी माझी चूक स्टेशन डायरीत स्वतः नोंदवली आणि वरिष्ठांना अहवाल दिला. ताकीद मिळाली, ती रास्त होती. मग महिला हवालदार आणि मी, ज्यांचे फॉर्म गेले होते त्या प्रत्येकीच्या दारात गेलो आणि सांगितले, तुमची माहिती आमच्याकडून बाहेर गेली. कुणी चहा दिला, कुणी दार लावून घेतले. फॉर्मच्या टेबलावर हसणाऱ्या त्या जमादाराला मी बंदोबस्ताला पाठवले आणि त्याच्या जागी महिला हवालदारांना बसवले. नोंदणी त्यानंतर वाढली. मला पदके मिळाली आहेत, पण अभिमान वाटतो तो त्या आठवड्याचा, आणि विशेषतः त्या दोघींचा. एकीने घाबरत असतानाही डोके शाबूत ठेवले. दुसरीने साहेबाला गप्प बसवले.

आमच्या मुद्देमाल खोलीत चोरीची गंजकी सायकल आली तरी तिला चिठ्ठी बांधतो, सील करतो, नोंद ठेवतो, का तर ती कुणाची तरी आहे. माणसाचे नाव, गाव, नंबर आमच्याकडे आला की मात्र तो आमचाच झाला असे आम्ही धरून चालत होतो. तोही कुणाचा तरी असतो आणि आमच्याकडे फक्त ठेवायला दिलेला असतो, हे मला तिशी उलटलेल्या नोकरीनंतर कळले. आणि लोक पोलिसांना किती खरे सांगतात, हे त्यांच्या प्रामाणिकपणावर कमी आणि आमच्या टेबलावर जास्त अवलंबून असते.

ट्रेनिंग पूर्ण करून मुलगी कायम झाली, तेव्हा पेढे घेऊन ठाण्यात आली. मला भरून आले. खिशातली डायरी काढून म्हणालो, "बाळ, तुझा नंबर लिहून ठेवतो. अधूनमधून विचारपूस करीन."

तिने पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "तुमचा द्या साहेब, मीच करत जाईन. माझा तुमच्याकडं नको."