इथलीच मिठाई

आमच्याकडे जपानात ‘हवा वाचणं’ म्हणजे शहाणपण. समोरच्याने बोलायच्या आत त्याच्या मनातलं ओळखायचं आणि आपल्या मनातलं मनातच ठेवायचं. मला ते कधी जमलं नाही, माझं तोंड फाटकं. इकुयो कोगुरे मात्र हवा अशी वाचायच्या, की तुम्हाला तहान लागायच्या आधी चहा तुमच्यासमोर. त्या अडकल्या त्याच्यातच.

टोकियोच्या कडेला एका प्रयोगशाळेत आम्ही दोघी कामाला होतो. तिथल्या प्लास्टिकच्या बश्यांना तळाशी पॉलिमरचा एक थर असतो, डोळ्यांना न दिसणारा. बशी अंगाइतकी उबदार ठेवली की तो पेशींना धरून ठेवतो. पेशी वाढतात, एकमेकींना चिकटतात, त्यांचा सायीसारखा पापुद्रा होतो. मग बशी गार खोलीत आणायची. गारव्याने तो थर पाणी पिऊन फुगतो आणि पापुद्रा अख्खाच्या अख्खा आपला आपण सुटतो. पूर्वी तो औषध घालून सोडवायचे, तेव्हा हाती चिंध्या यायच्या. रुग्णाच्याच तोंडातल्या पेशींपासून आम्ही तो वाढवायचो. भाजलेल्या डोळ्यावर तो बसवतात. दुबळ्या हृदयाला ठिगळ लावायलाही असेच पापुद्रे करून पाहतात.

“खरवडायचं नाही हं,” कोगुरे-सान मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. “गार होऊ द्यायचं. सुटायचं तेव्हा सुटतं.”

“आणि तुम्ही कधी सुटणार?” मी विचारलं. त्यांना गावी जायचंय हे मला आल्या आल्याच कानावर आलं होतं.

“हा रुग्ण झाला की,” त्या हसून म्हणाल्या. रुग्ण काय, एकामागून एक येतच होते.

सादो बेटावर त्यांची आई एकटी राहायची. तिला विसर पडायला लागला होता. आधी चुलीवरचं भांडं, मग शेजाऱ्यांची नावं. फोनवर मुलीचा आवाज तेवढा अजून ओळखायची. “ती मला विसरायच्या आत पोचायचंय,” कोगुरे-सान म्हणायच्या. पण ते फक्त मला, आणि तेही हात धुताना, नळ सोडलेला असताना.

आमच्यात नोकरी सोडणारा साहेबांपुढे जाऊन “थोडं बोलायचं होतं” एवढंच म्हणतो. पुढचं साहेबांनी ओळखायचं असतं. आमचे तोकिता साहेब ते बरोबर ओळखायचे, म्हणून त्यांना नेमकी तेव्हाच मीटिंग आठवायची. जाता जाता म्हणायचे, “कोगुरे-सान, तुम्ही आहात म्हणून मला झोप लागते.” यावर माणूस काय बोलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्या वसंतात कोगुरे-साननी न बोलता सांगायचं ठरवलं. नोकरी सोडून जाणारा माणूस सगळ्यांना मिठाई वाटतो. त्यांनी चेस्टनटच्या वड्यांचा पुडा आणून चहाच्या टेबलावर ठेवला आणि बाजूला हात जोडून उभ्या राहिल्या. पण गावाहून परतलेला माणूसही मिठाईच आणतो ना!

“अरे वा, सादोला जाऊन आलात वाटतं?” साहेबांनी वडी तोंडात टाकली. “तिकडच्या मिठाईची चव काही औरच.”

कोगुरे-साननी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “हो,” त्या म्हणाल्या. “हवा छान होती तिकडे.”

रिकामा पुडा रद्दीत टाकताना मी झाकणावर दुकानाचं नाव वाचलं. दुकान आमच्याच स्टेशनसमोरचं. मी तो फुजिमाकी-सानना दाखवला, त्या प्रयोगशाळेतल्या जुन्या.

“माहितीये. सगळ्यांना माहितीये,” त्या म्हणाल्या. “त्या गेल्या तर त्यांचं काम कुणाच्या गळ्यात पडेल? तुझ्याच. तेव्हा गप खा वडी.”

सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. एकाहून एक सभ्य माणसं, आणि सगळ्यांनी मिळून दार दाबून धरलेलं. माझं डोकं फिरलं. मी तडक जाऊन कोगुरे-सानना म्हटलं, “त्यांनी ओळखलंय हो! मुद्दाम करतायत.”

त्यांनी नळ बंद केला. “म्हणजे मी त्यांना हवी आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “मग जाऊ कशी?”

थंडीच्या तोंडावर एकदा त्यांच्या आईने फोनवर विचारलं, “कोण इकुयो?” मग तिचं तिलाच आठवलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर पुन्हा पुडा, पुन्हा त्याच वड्या.

“सादोला पुन्हा?” साहेब म्हणाले.

“साहेब, दुकान स्टेशनसमोरचं आहे,” मी म्हटलं. “त्या नोकरी सोडतायत. आईकडे जायचंय त्यांना. हे तुम्हाला मागच्या पुड्यापासून ठाऊक आहे.”

चावणारी तोंडं थांबली. आमच्याकडे चारचौघांत असं कुणी बोलत नाही. खोली गारठली. साहेब कपात बघत राहिले, फुजिमाकी-सान खिडकीकडे. त्या गारठ्यात कोगुरे-सान कमरेत खोल वाकल्या आणि म्हणाल्या, “इतकी वर्षं सांभाळून घेतलंत.” निरोपाचं हे वाक्य एकदा म्हटलं, की ते कुणाला परत घेता येत नाही. महिनाअखेर त्या गेल्या आणि त्यांचं काम माझ्या गळ्यात पडलं.

उन्हाळ्यात मी सादोला गेले. ओसरीवर म्हातारी नीटनेटकी बसली होती. कोगुरे-साननी तिच्यापुढे चहा आणि वडी ठेवली. म्हातारीने लेकीला परक्यासारखा वाकून नमस्कार केला.

“एवढ्या लांबून येता, वर मिठाई. कुठली म्हणायची ही?”

कोगुरे-साननी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “इथलीच,” त्या म्हणाल्या.

“माझी मुलगी टोकियोत असते,” म्हातारी मला कौतुकाने सांगू लागली. “फार कामाची आहे हो. तिला ते लोक सोडतच नाहीत.”

“सोडतील,” कोगुरे-सान म्हणाल्या आणि तिच्या कपात चहा ओतू लागल्या.