आईला सांग, बाबांना सांग

देवव्रत काळमेघ दोह्यात नक्की काय करतो, हे इथल्या मराठी मंडळींना समजावून सांगण्याचा नाद त्याने केव्हाच सोडला होता. गणपतीत कोणीतरी ओळख करून द्यायचं, "हे आपले खेळाडू," की समोरचा विचारायचा, "क्रिकेट ना? बॅट्समन की बोलर?" देवव्रत म्हणायचा, "बेसबॉल. पिचर आहे. चेंडू टाकतो." "म्हणजे बोलरच की!" असं म्हणून समोरचा समाधानाने प्रसादाकडे वळायचा.

तो अमरावतीचा. तिकडे पोरं शाळेपासून सॉफ्टबॉल, बेसबॉल खेळतात. याचा हात लहानपणापासून जबर. वडील अरुणकुमार पाटबंधारे खात्यात होते. रोज सकाळी ते त्याला मैदानावर न्यायचे, स्वतः जुना ग्लोव्ह घालून त्याचे चेंडू झेलायचे, आणि ऑफिसला जाताना त्यांचा तळवा लाल झालेला असायचा. आई पुष्पावती लाल मातीने भरलेले कपडे दगडावर घासून पांढरे करायची. राष्ट्रीय स्पर्धा झाल्या, रेल्वेत नोकरी लागली, आणि मग आखाती देशांतल्या संघांची एक छोटी लीग सुरू झाली तेव्हा दोह्यातल्या क्लबने त्याला बोलावलं. हिवाळ्यात सामने, बाकीचं वर्ष मुलांना शिकवायचं. तो अल मन्सूरात राहायला आला. बायको ममता बिन महमूदमधल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला लागली. मुलगी ओवी दुसरीत गेली. चाललं होतं बरं.

त्या नोव्हेंबरात एका शुक्रवारी जेवणं चालू असताना आईचा फोन आला.

"देवा, मी अकोल्याले तुह्या मामाकडे आली."

"किती दिवस आहेस?"

"दिवस कायचे? आता तिकडे जाचंच नाई मले. वकिलाले भेटली. केस टाकली."

देवव्रतला वाटलं, मामाच्या प्लॉटचं काहीतरी असेल. "कोणावर?"

"तुह्या बाबावर."

त्याने घास खाली ठेवला. आई पासष्टीच्या घरात, बाबा सत्तरीला टेकलेले. घरात कधी मारहाण नाही, आरडाओरडा नाही, दारू नाही. केस कशाची?

संध्याकाळी बाबांचा फोन. "देवा, तुह्या आईले सांग, लोकं हसून राहिले. घरी ये म्हणा."

त्याने आईला फोन लावून तसं सांगितलं. आई म्हणाली, "त्याले सांग, मी येत नाई." त्याने बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "तिले विचार, गॅसचं कार्ड कुठं ठेवलं." त्याने विचारलं. फ्रीजवरच्या डब्यात. तेही कळवलं. ममता इस्त्री करता करता हे सगळं ऐकत होती.

"तू काय करतोयस देवव्रत?"

"निरोप देतोय."

"त्यांच्याकडे एकमेकांचे नंबर नाहीत का?"

नंबर असतीलच. पण ते एकमेकांना फोन करतील हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याच्या घरात पहिल्यापासून असंच होतं. "आईले सांग, वरणात मीठ नाई." "बाबाले सांग, पाहुणे येऊन राहिले." तो स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामध्ये पळत असायचा. दोघं एकाच सोफ्यावर बसून टीव्ही बघायचे, पण आवाज कमी कर हे त्याच्यामार्फत. त्यात राग दिसायचा नाही. कॉलेजात असताना तो एका मित्राच्या घरी जेवायला गेला होता; तिथे मित्राचे आईवडील भाजीवरून थेट एकमेकांशी हुज्जत घालायला लागले, तेव्हा हाच कानकोंडा झाला होता. त्याला ते बरं दिसलं नव्हतं.

आईचं म्हणणं कोर्टात असं मांडलं होतं: नवऱ्याने वीस-बावीस वर्षं माझ्याशी शब्द बोललेला नाही, हा मानसिक छळ आहे, मला कायद्याने वेगळं राहू द्या. बाबांचं उत्तर असं होतं की बोलणं आधी तिने बंद केलं, छळ झाला तो माझा. आणि साक्षीदार म्हणून दोन्ही बाजूंनी एकच नाव दिलं होतं.

"तू होता नं घरात," आई म्हणाली. "तुले सारं माहीत हाय. खरं ते सांगजो."

"तूच तर होता," बाबा म्हणाले. "खरं ते सांग."

दोघांनाही पक्की खात्री होती, की खरं त्याच्याकडे आहे. तो आठवायला बसला की हाताला काहीच लागत नसे. चौथीत असताना ते बोलायचे का? कुठल्यातरी लग्नाहून एसटीने परत येताना आई खिडकीकडे तोंड करून बसली होती, बाबा कंडक्टरशी बोलत होते. त्या दिवसापासून? की त्याच्याही आधीपासून? आई आपणहून रुसली होती की कोणी तिला बोललं होतं? तो मैदानावर चेंडू टाकत असताना घरात काय घडलं असेल, ते त्याला कुठून कळणार?

डिसेंबरात सामने सुरू झाले. बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे मुखवटा घालून जो उकिडवा बसतो तो कॅचर. पिचरने कुठला चेंडू टाकायचा हे तो मांड्यांमध्ये हात धरून बोटांनी सुचवतो. एक बोट म्हणजे सरळ, वेगाचा. दोन म्हणजे वळणारा. देवव्रतचा कॅचर होता लाहोरचा कमाल. चार हंगाम ते जोडीने खेळले होते. आता देवव्रत त्याच्या बोटांकडे बघायचा, ती त्याला दिसायचीही, आणि हातातून भलताच चेंडू सुटायचा. पहिल्या सामन्यात त्याने एका फलंदाजाला बरगडीत मारलं. दुसऱ्यात कमालने दोन बोटं दाखवली, ग्लोव्ह खाली बाहेरच्या बाजूला धरला, आणि चेंडू सरळ वेगात आत आला. कमालने उघडा हात मध्ये घातला. अंगठा मोडला.

दवाखान्याच्या बाकावर बसून कमाल म्हणाला, "भाई, मैंने दो दिखाई थीं."

"दिखी थीं."

"फिर?"

"पता नहीं, यार."

कमालने चिडायला हवं होतं. तो नुसता प्लास्टरकडे आणि देवव्रतकडे आळीपाळीने बघत राहिला. दुसऱ्या दिवशी मॅनेजर रिफत यांनी देवव्रतला बोलावलं. ते मितभाषी होते. "घर में कुछ है?" त्यांनी विचारलं. आईवडिलांची कोर्टात केस आहे, असं देवव्रतने सांगितलं. "किस बात पे?" "बात नहीं करते थे, इस बात पे." रिफतना वाटलं, आपल्याला हिंदी नीट कळली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, यानेही पुन्हा तेच सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "थोडे दिन बैठो. बच्चों को सिखाओ. इन्शाल्ला, ठीक होगा." हंगाम संपल्यावर करार वाढेल का, यावर ते बोलले नाहीत, आणि देवव्रतला विचारायचं सुचलं नाही.

घरात तो गप्प गप्प राहायला लागला. एकदा ममताशी जरासं वाजलं. ओवीला सुट्टीत गावी न्यायचं तर नक्की कोणाकडे, अकोल्याला मामाकडे की अमरावतीला घरी, यावरून. त्यानंतर जेवताना तो ओवीला म्हणाला, "आईला सांग, पोळी नको."

ओवीने आईकडे पाहिलं, बाबाकडे पाहिलं. "बाबा, शी इज राइट हिअर."

"सांग ना."

"आय ॲम नॉट युअर फोन," ओवी म्हणाली आणि पाणी पिऊ लागली.

ममता हसली नाही. "पहिल्यांदा नाहीये हे," ती हळू आवाजात म्हणाली. "मागच्या रमजानात आठवडाभर असंच चाललं होतं. तुझ्या लक्षात नसेल."

त्याच्या खरंच लक्षात नव्हतं. तो आत जाऊन बिछान्याच्या कडेवर बसला. ममता मागून आली तेव्हा म्हणाला, "मी तुझ्यावर रागावलो होतो का तेव्हा?"

"मला काय माहीत? तू कुठे बोललास!"

"मग तू का नाही बोललीस?"

"बोलले. तूच उत्तरं ओवीला देत होतास."

फेब्रुवारीत साक्ष झाली, दोह्यातूनच, व्हिडिओवर. दूतावासातल्या एका खोलीत टेबल, पडदा, बाटलीभर पाणी. शेजारी एक अधिकारी. त्यांनी पासपोर्ट पाहून ओळख पटवली. पडद्यावर अमरावतीचं न्यायालय उघडलं. न्यायाधीश बाई मधोमध, दोन वकील, आणि मागे दोन बाकांवर आई आणि बाबा. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण कॉलर आत मुडपली होती. ती सरळ करायला कोणी नव्हतं. आई बारीक झाली होती. त्याने दोघांना एकाच चौकटीत बघून बरेच महिने झाले होते.

आईच्या वकिलांनी विचारलं, "तुमचे वडील तुमच्या आईशी बोलत नव्हते, हे खरं आहे?"

"खरं आहे."

बाबांच्या वकिलांनी विचारलं, "तुमची आई तुमच्या वडिलांशी बोलत नव्हती, हे खरं आहे?"

"हेही खरं आहे."

"आधी कोणी बंद केलं?"

"मला माहीत नाही."

"आठवून सांगा."

"खूप आठवलं. मी लहान होतो. मला वाटायचं सगळ्यांच्या घरी असंच असतं."

बाबांनी मान हलवली. आईने पदराने चेहरा पुसला. दोघांनाही तो फितूर वाटला असावा. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून विचारलं, "तुम्ही हॉस्टेलला गेलात, पुढे परदेशात. त्यानंतर घरात निरोप कोण द्यायचं?"

हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. तो गेल्यावर त्या दोन खोल्यांत काय होत असेल? मीठ कमी पडलं तर?

"मला नाही माहीत," तो पुन्हा म्हणाला.

तेवढ्यात बाबा मागच्या बाकावरून उठले आणि पडद्याकडे बघून म्हणाले, "देवा, तिले विचार, घरी येते का."

वकील त्यांना खाली बसवू लागले. न्यायाधीश बाईंनी हाताने थांबवलं. "काळमेघ, त्या तुमच्यापासून चार हातांवर बसल्या आहेत. तुम्हीच विचारा."

बाबा वळले. आईनेही मान वर केली. दोह्यातल्या त्या खोलीत देवव्रत खुर्ची पुढे ओढून पडद्याला जवळजवळ चिकटला. "पुष्पा," बाबा म्हणाले. मग त्यांचे ओठ हलले, पण पुढे काही येईना. आई वाट बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भाजीवाला भाव सांगेल म्हणून वाट बघावी, तशी ती बघत होती. बाबा खाली बसले. आईने मान खाली घातली. न्यायाधीश बाईंनी पुढची तारीख दिली.

पुढे दोन्ही वकिलांनी बसून समजुतीने मिटवलं. आईला वेगळं राहायची परवानगी मिळाली, बाबा घरातच राहिले. या सगळ्यात कोण जिंकलं, असं कमालने विचारलं होतं. देवव्रतने खांदे उडवले.

हंगामाच्या शेवटच्या सामन्यात रिफतनी त्याला शेवटचा थोडा वेळ खेळवलं. कमाल तोवर खेळायला परतला नव्हता, दुसराच कॅचर होता. देवव्रतचे चेंडू बऱ्यापैकी जागेवर पडले. का पडले ते त्याला सांगता आलं नसतं. क्लबने त्याला ठेवलं. अर्धा वेळ खेळाडू, अर्धा वेळ शिकवणारा म्हणून. ही बढती की उतरण, हे तो आणि ममता अजून ठरवू शकलेले नाहीत.

एक गोष्ट त्याने ठरवून केली. बाबांचा फोन आला आणि त्यांनी "आईले सांग" म्हणून सुरुवात केली, तर तो म्हणायचा, "बाबा, तिला तुम्हीच सांगा. माझ्याशी बोला." मग पलीकडून नुसता पंख्याचा आवाज यायचा.

"बोला ना, बाबा."

"काय बोलू?"

निरोप वगळले तर त्यांच्याकडे मुलाशी बोलायला काहीच नव्हतं, आणि यालाही त्यांना काय विचारावं ते सुचत नव्हतं. तरी दोघं तसेच फोन धरून बसायचे. कधी बाबा म्हणायचे, "आज ऊन लय हाय." तो म्हणायचा, "इथेही."

पुढच्या जानेवारीत आई दोह्याला आली. देवव्रतने मनाची तयारी केली होती. वाईट वाटून घेणारी, गप्प बसणारी आई त्याला अपेक्षित होती. पण ती विमानतळावरून जी बोलायला लागली ती थांबेना. विमानातल्या शेजारणीला किती नातवंडं, इथे कोथिंबीर केवढ्याला, ममताच्या दवाखान्यात कवळी बसवून मिळेल का, ओवी मराठीत का बोलत नाही, आणि ओवीने इंग्रजीत उत्तर दिलं तरी ही आपली वऱ्हाडीत पुढे बोलतच होती. किराणावाल्या मल्याळी माणसाशी तिने हातवारे करून लोणच्याची चर्चा केली आणि त्याच्याकडून कच्च्या कैऱ्या मागवून घेतल्या.

एका सुट्टीच्या दिवशी सगळे मुशैरिबला फिरायला निघाले. अल मन्सूराच्या स्टेशनवर मेट्रोत बसल्या बसल्या आईने शेजारच्या एका फिलिपिनो बाईचा हात धरला आणि तिच्या बांगड्यांचं कौतुक सुरू केलं. ती बाईही हसून काहीतरी सांगायला लागली. कोणाचंच कोणाला कळत नव्हतं. देवव्रत समोरच्या सीटवरून बघत होता. ही बाई त्याच्या घरात इतकी वर्षं राहिली होती? तेव्हा हे सगळं बोलणं कुठे असायचं?

तो पुढे वाकून म्हणाला, "आई, तू आधीपासून अशी होतीस का?"

"अशी म्हणजे कशी?"

"काही नाही," तो म्हणाला. आई पुन्हा त्या बाईकडे वळून, बांगड्या काचेच्या की प्लास्टिकच्या, ते विचारू लागली.