बोटीतला संडास

माझे काका, वडिलांचे धाकटे भाऊ, तीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनाच्या खोलीत नोकरीला होते. कोंढ्याच्या आमच्या घरात धान लावण्यापलीकडे कोणी काही केलं नव्हतं, म्हणून ते सुट्टीवर आले की गाव त्यांना बघायला यायचं. निवृत्तीनंतर त्यांनी पवनीला घर बांधलं आणि कोकणातून एक जुनी शिडाची बोट ट्रकवर घालून आणली. पवनीच्या थोडं वर वैनगंगेच्या धरणाचं पाणी शेतांपर्यंत येऊन थांबतं, तिथे ती बांधलेली असायची.

काकू त्या बोटीवर कधी चढली नाही. काकांना ते लागलं होतं, पण ते एवढंच म्हणायचे, "तिले पाण्याचं भेव वाटते."

मी पवनीत प्लंबिंगची कामं करतो. गेल्या हिवाळ्यात काकांनी मला बोलावलं. बोटीतला संडास धड कधी चालतच नव्हता, आता गळायलाही लागला होता, नवा त्यांनी मागवला होता.

बोटीच्या पुढच्या भागात कपाटाएवढी एक खोली होती. त्यात लहानसं भांडं आणि बाजूला हातपंपासारखा दांडा. दांडा मारला की नदीचं पाणी भांड्यात येई, आणखी मारला की सगळं बोटीच्या बुडातून बाहेर जाई. दोन्हींसाठी बुडाला दोन भोकं, प्रत्येकावर एक वॉल्व्ह. खोलीत माझे खांदे जेमतेम मावत होते. बोल्ट गंजून एकजीव झाले होते, ते करवतीने कापावे लागले. पाईप आतून चुन्यासारख्या थराने भरलेला आणि लाकडासारखा कडक. काका स्टोव्हवरचं उकळतं पाणी त्यावर ओतत आणि मी पिळत बसलो.

पाणी आत घेणारा वॉल्व्ह मी आधीच बंद केला होता. म्हणजे त्याची दांडी फिरली होती, आतला भाग फिरला नव्हता. पाईप निघाला आणि मनगटाएवढी धार माझ्या छातीवर आली. वीस वर्षांत मी कितीतरी घरांत पाणी तुंबलेलं पाहिलं आहे. तिथे धावत जाऊन मुख्य कॉक बंद करतात. इथे कॉकच्या पलीकडे वैनगंगा होती. मी तळहात दाबून धरला आणि काय करायचं ते मला सुचेना.

"हात काढ," काका म्हणाले. वॉल्व्हजवळ दोरीने एक निमुळती लाकडी खुंटी बांधलेली होती. ती त्यांनी भोकात घातली आणि हातोडीचे चार घाव मारले. धार थांबली. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. ते आम्ही बादलीने काढलं.

दुपारी मी जेवायला काकांच्या घरी गेलो. काका बोटीवरच थांबले होते. काकूने माझे ओले कपडे पाहिले, भात वाढला आणि विचारलं, "थो संडास नवा बसवून राहिले का?"

"हो."

"दार आहे त्याले? आतून कडी लागते?"

"लागते. पण तुले काय करायचं? तू तर पाण्याले भेते."

"मी कायले भेऊ? नदीच्या काठावर वाढली मी." ती थोडी थांबली. "मोठ्या ऑपरेशनापासून मले घडीघडी जावं लागते. लग्नाले जायचं असलं की सकाळपासून पाणी पेत नाही. बोटीवर दिवसभर कशी बसू? त्यायच्या बोटीतलं थे तर कधी चालतच नोव्हतं."

"काकाले सांगतलं नाही?"

"असं कोणी सांगते का?" मग तिने विचारलं, "अन् थे घाण जाते कुठं?"

"नदीत."

"खाली लोकं थेच पाणी पेतात. मग मी नाही बसत त्याच्यावर."

संध्याकाळी मी काकांना सगळं सांगितलं. सांगू नको असं ती म्हणाली नव्हती. काका बोटीच्या कठड्यावर बसून होते.

"किती वर्षं झाली ऑपरेशनले?" त्यांनी विचारलं.

मला नक्की आठवत नव्हतं. त्यांनाही आठवत नव्हतं. तेव्हा ते जहाजावर होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बेत बदलला. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर आम्ही ट्रॅक्टरने बोट काठावर ओढली. काकांनी दोन्ही भोकं फायबरने कायमची बुजवली. मी झोपायच्या फळीखाली काढता येईल अशी एक बंद टाकी बसवली आणि नव्या संडासाचा पाईप तिला जोडला; दांडा मारला की सगळं तिच्यात जाई. धुवायला घरून भरून आणलेलं पाणी. टाकी भरली की ती काठावर आणून शेतातल्या शोषखड्ड्यात रिकामी करायची. नव्या भांड्याची भोकं जुन्या फळीशी जुळली नाहीत, त्यात माझे दोन दिवस गेले. या कामाबद्दल काकूशी ते काही बोलले असतील तर माझ्यासमोर नाही.

पाऊस संपून पाणी पुन्हा भरलं, तेव्हा एका सकाळी काकू आली. हातात डबा आणि पाण्याची मोठी बाटली होती. ती चढली, सरळ आतल्या खोलीत गेली, कडी लावली. पंपाचा दांडा चालल्याचा आवाज आला. काका दोरी सोडायचं काम करत होते, ते तसेच थांबले.

बाहेर येऊन ती म्हणाली, "दांडा जड आहे."

"तेल देतो," काका म्हणाले.

त्यांनी शीड वर केलं. वारा बेताचाच होता, बोट सावकाश निघाली. काकूने बाटली उघडली आणि काठ दूर जाईपर्यंत अर्धी पिऊन टाकली.